‘तहकूब’ म्हणजे थांबलेली की संपलेली? शब्दाचा अर्थ आणि उगम

प्रश्न
माळवा_मराठी, इंदूर

नमस्कार. इंदूरच्या राजेंद्रनगर भागातल्या एका लहानशा मराठी मंडळाची मी कार्यवाह आहे. गेल्या महिन्यात एका शब्दावरून आमच्याकडे जो प्रसंग उद्भवला, त्यामुळे हा प्रश्न जाणकारांपुढे ठेवावासा वाटला. मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा सायंकाळी साडेपाचला होती. गणपूर्तीसाठी पंचवीस सभासद हवे होते, पण सहा वाजत आले तरी सतराच जमले, तेव्हा अध्यक्षांच्या सांगण्यावरून मी दाराशी ठेवलेल्या फळ्यावर खडूने लिहिले, ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब.’ आमच्या घटनेप्रमाणे अशी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते आणि तेव्हा तिला गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे साडेसहाला कामकाज सुरू झाले, हिशेब मंजूर झाले आणि वर्गणी वाढवण्याचा ठरावही संमत झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दूरध्वनी येऊ लागले. सहाच्या सुमारास आलेले सात सभासद फळा वाचून दारातूनच परत गेले होते, कारण सभा रद्द झाली असा त्यांचा समज झाला होता, आणि आता आपल्या अनुपस्थितीत वर्गणी वाढवली म्हणून ते साहजिकच दुखावले गेले आहेत. यांपैकी बहुतेकांचा जन्म इंदूरचा आहे आणि शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले आहे. घरात ते उत्तम मराठी बोलतात. त्यांच्यातला एक तरुण मला म्हणाला, “काकू, तुम्ही ‘स्थगित’ लिहिलं असतंत तर मी थांबलो असतो.” त्याच वेळी शेजारी बसलेले आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की ‘स्थगित’ वाचून आपणच घरी गेलो असतो, कारण ‘स्थगित’ म्हणजे पुढचे काही ठरलेले नाही असाच अर्थ त्यांच्या मनात आहे.

फळ्यावर वेळ लिहायला हवी होती, ही चूक माझी आहे आणि ती मी सर्वांजवळ मान्य केली आहे. परंतु शब्दाचा प्रश्न त्याने सुटत नाही. माझे सासरे याच मंडळाचे पूर्वी कार्यवाह होते आणि त्यांच्या हातची इतिवृत्ताची वही माझ्याजवळ आहे. तिच्यात ‘मागील तहकूब सभा आज पुढे चालू झाली’ असे वाक्य ठिकठिकाणी आढळते. म्हणजे साठ वर्षांपूर्वी हा शब्द इथे सर्वांना कळत होता. तहकूब या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो मराठीत कोठून आला, स्थगित, मुलतवी, बरखास्त आणि रद्द यांच्याहून तो वेगळा कसा, आणि हिंदीत तो अजिबात कसा दिसत नाही, हे कोणी उलगडून सांगावे अशी विनंती आहे.


उत्तर १
रामबागकर, इंदूर

काकू, नमस्कार. माझ्या वडिलांनी मला सांगितलेली व्युत्पत्ती अशी की तहकूब हा शब्द ‘तह’ या शब्दापासून निघाला. दोन पक्ष लढत असतात, मग तह होतो आणि लढाई थांबते, म्हणून थांबवण्याला तहकूब म्हणू लागले. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत शस्त्रसंधीला ‘युद्धतहकुबी’ म्हणत असत, त्यावरूनही हे पटते. आपल्या इंदुराला तर तह हा शब्द जवळचाच आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी होळकरांची राजधानी इंदुरात आली. तेव्हा हा शब्द लष्करी व्यवहारातून सभेच्या व्यवहारात आला असावा असे मला वाटते.


उत्तर २
लष्करकर, ग्वाल्हेर

रामबागकरांच्या वडिलांनी सांगितलेली व्युत्पत्ती मीही लहानपणी ऐकलेली आहे आणि ‘युद्धतहकुबी’मुळे ती खरी वाटते, हेही मान्य आहे, परंतु ती लोकव्युत्पत्ती आहे. ‘तह’ काढून घेतल्यावर मागे जो ‘कूब’ उरतो, त्याचा उलगडा तिच्यातून होत नाही. शिवाय मंदसोरला जे झाले ते तहच होते, तहकुबी नव्हती. तहाने युद्ध मिटते. तहकुबीत ते मिटलेले नसते, फक्त शस्त्रे काही काळ खाली ठेवलेली असतात, आणि या शब्दाचे सगळे मर्म या फरकात आहे.

आपले कोशकार तहकूब हा शब्द अरबी ‘तवक़्क़ुफ़’ या शब्दापर्यंत नेतात. तवक़्क़ुफ़ म्हणजे थांबणे, विलंब करणे. मी निवृत्तीनंतर इथल्या एका शिक्षकांकडे काही वर्षे उर्दू शिकलो आणि त्या वर्गात एके दिवशी फळ्यावर वाव, क़ाफ़ आणि फ़े ही तीन अक्षरे लिहून त्यांनी जे समजावले, ते अजून डोळ्यांसमोर आहे. अरबीत या तीन व्यंजनांचा धातू ‘उभे राहणे, थांबणे’ या अर्थाचा आहे आणि त्याला निरनिराळे स्वर व उपसर्ग लागून शब्द तयार होतात. हजच्या वेळी यात्रेकरू अरफातच्या मैदानावर जे थांबतात त्याला वुक़ूफ़ म्हणतात. वक्फ म्हणजे जिची विक्री आणि वारसाहक्क कायमचा थांबवला आहे अशी मालमत्ता. कुराणाच्या पठणात जिथे श्वास घ्यायला थांबायचे तो थांबाही वक़्फ़च. उर्दूत दोन गोष्टींमधल्या अवकाशाला, नाटकाच्या मध्यंतरालासुद्धा, ‘वक़्फ़ा’ म्हणतात. आणि मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की उर्दू विरामचिन्हांत ‘वक़्फ़ा’ हे आपल्या अर्धविरामाचे नाव आहे. पूर्णविरामाला उर्दूत ‘ख़त्मा’ म्हणतात. अर्धविरामापाशी वाचणारा थांबतो, पण वाक्य संपलेले नसते, पुढचा भाग यायचा असतो आणि तो मागच्याशी जोडलेलाच असतो. काकूंच्या सभेचे साडेसहाच्या आधीचे रूप नेमके तसे होते.

आता ‘तवक़्क़ुफ़’चे ‘तहकूब’ कसे झाले हा प्रश्न उरतो. शेवटच्या फ़ चा ब होणे मराठीला नवे नाही आणि त्याचे उत्तम उदाहरण याच धातूतून मिळते. ‘वाक़िफ़’ म्हणजे माहीतगार. एखाद्या विषयापाशी जो थांबला, उभा राहिला, तो त्याचा जाणकार. मराठीने त्याचे ‘वाकब’ केले आणि त्यावरून ‘वाकबगार’ हा शब्द आपण आजही सहज वापरतो, तो मुळात ‘वाक़िफ़कार’ आहे. मधल्या व च्या जागी ह कसा आला याविषयी मी माझा तर्क सांगतो आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. कचेरीत रोज वावरणाऱ्या कारकुनाच्या कानांवर तहसील, तहकीक, तहनामा असे ‘तह’ने सुरू होणारे शब्द सतत पडत होते, त्या ओळखीच्या वळणावर हा अनोळखी शब्दही गेला असावा. रामबागकरांच्या वडिलांना त्यात तह दिसला, त्याचे कारणही बहुधा हेच आहे. शब्दाचा जन्म तहातून झाला नसला तरी त्याचा चेहरा तहासारखा झाला.

हिंदीत हा शब्द दिसत नाही, कारण हे रूप मराठी कचेऱ्यांत घडले. हिंदी आणि उर्दूने मूळ ‘तवक़्क़ुफ़’ जवळजवळ जसाच्या तसा ठेवला, आणि पुढे राज्यकारभाराच्या हिंदीने संस्कृत ‘स्थगित’ स्वीकारला. आपल्या ग्वाल्हेर-इंदूरच्या मुलांना शाळेत, वर्तमानपत्रात आणि विधानसभेच्या बातम्यांत ‘कार्यवाही स्थगित’ हेच वाचायला मिळते. त्यामुळे ती मुले ‘तहकूब’ वाचून बुचकळ्यात पडली तर त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. ‘बरखास्त’ या शब्दानेही असाच घोटाळा होतो. फारसीत त्याचा अर्थ ‘उठलेला’. दरबार बरखास्त झाला म्हणजे मंडळी उठली, बैठक संपली. हिंदी बातमीत मात्र ‘अधिकारी बर्खास्त’ असे येते आणि तिथे आपण मराठीत ‘बडतर्फ’ म्हणतो. इतिवृत्ताच्या शेवटी ‘सभा बरखास्त झाली’ असे लिहिताना तरुण सभासदांना हेही सांगून ठेवावे.


उत्तर ३
विश्वामित्रीकाठ, बडोदे

लष्करकरांचे उत्तर वाचून फार आनंद झाला, कारण त्यांनी सांगितलेल्या धातूतून निघालेला आणखी एक शब्द आम्ही बडोद्यात रोज ऐकतो आणि त्याच्याविषयी ते काही बोलले नाहीत. तो शब्द ‘मोकूफ’. गुजरातीत पाऊस जास्त झाला की ‘परीक्षा मोकूफ’ अशी बातमी येते आणि तिचा अर्थ परीक्षा पुढे गेली, एवढाच असतो. जुन्या मराठीत हाच शब्द ‘मौकूफ’ या रूपात आहे, परंतु तिथे त्याचा अर्थ बंद केलेले, काढून टाकलेले असा आहे. चाकरी मौकूफ झाली म्हणजे चाकरी गेली, आणि एखादी पट्टी मौकूफ झाली म्हणजे ती देणे उरले नाही. आमच्या घरी आजीचे मराठी आणि शेजारचे गुजराती यांत या एका शब्दाने गैरसमज होत असत. शेजारच्या बेन सांगत, ‘लग्न मोकूफ राख्युं छे’, आणि आजी डोळ्याला पदर लावून बसे, कारण तिच्या लेखी लग्न मोडलेले असे. धातू एक, शब्द एक, पण एका भाषेत गोष्ट थांबलेली आहे आणि दुसऱ्या भाषेत ती संपलेली आहे. काकूंच्या फळ्यापुढे जे झाले ते याहून फार वेगळे नाही.

‘मुलतवी’ हा मात्र वेगळ्या कुळातला शब्द आहे. त्याच्या अरबी मुळाचा अर्थ वळणे, पीळ बसणे असा आहे. सरळ चाललेली गोष्ट वळून लांबणीवर पडली की ती मुलतवी. गुजरातीत तो अगदी रुळलेला आहे, मराठीत जरा जुना वाटू लागला आहे, आणि उर्दूमुळे उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र कळतो. मला स्वतःला तो पुढे ढकललेल्या कार्यक्रमासाठी योग्य वाटतो, कारण त्यात कार्यक्रम सुरू झालेला असण्याची अट नाही.

तहकूब म्हणजे रद्द नव्हे, याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र सभांच्या नव्हे, शेतसाऱ्याच्या इतिहासात आहे. मुंबई इलाख्यात पीक बुडाले की शेतकऱ्यांच्या मागण्यांत ‘सूट’ आणि ‘तहकुबी’ असे दोन शब्द जोडीने येत. सूट म्हणजे सारा माफ. तहकुबी म्हणजे यंदा वसूल करायचा नाही, पण देणे कायम. पीक आले की ते द्यायचे. दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेले असत आणि त्यांतला फरक अक्षर न येणाऱ्या शेतकऱ्यालाही पक्का ठाऊक असे, कारण त्याची पुढच्या वर्षीची भाकरी त्यावर अवलंबून होती.

बडोद्याहून अहमदाबादकडे जाताना आणंदच्या पुढे नडियाद लागते. तिथे २२ मार्च १९१८ रोजी गांधीजींनी खेडा जिल्ह्याचा सत्याग्रह सुरू केला. पुष्कळांची समजूत अशी आहे की तो सारा माफ करण्यासाठी होता. तसे नव्हते. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले तर त्या वर्षीची वसुली पूर्ण तहकूब व्हावी असा सरकारचाच नियम होता. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, तेव्हा चार आणे म्हणजे चौथा हिस्सा. शेतकऱ्यांचे म्हणणे एवढेच की पीक चार आण्यांच्या खाली आहे, आणि सरकारी अधिकाऱ्यांचे म्हणणे की ते वर आहे. मागणी होती ती वसुली पुढच्या वर्षापर्यंत थांबवण्याची. आणि शेवट झाला तोही, ऐपत असलेल्यांनी सारा भरावा आणि गरिबांना तहकुबी मिळावी, असा. एवढ्या मोठ्या लढ्याचा सगळा भार ‘आज नको, पण देऊ’ या अर्थावर होता. तहकूब शब्दाला हलके समजू नये असे मला त्यामुळे मनापासून वाटते.


उत्तर ४
काळा_कोट, इंदूर

मी इंदुरात वकिली करतो. काकूंच्या सभेत झालेले ठराव वैध आहेत का, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही आणि मंडळाची घटना वाचल्याशिवाय त्यावर मत देणे योग्य नाही; मी फक्त शब्दापुरते लिहितो.

कायद्याच्या दृष्टीने तहकूब झालेली सभा ही नवी सभा नसते. ती मूळ सभेचाच पुढचा भाग असते, म्हणून सामान्यतः तिच्यात मूळ विषयपत्रिकेवरचे राहिलेले कामच करता येते, नवा विषय घेता येत नाही. कंपन्यांसाठी २०१३ च्या कायद्याच्या कलम १०३ मध्ये अशीच तरतूद आहे. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी भरते, आणि तेव्हाही अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर हजर असलेले सभासद हीच गणपूर्ती मानली जाते. आपल्या मंडळांच्या घटनांत हाच विचार आठवड्याऐवजी अर्ध्या तासावर आणलेला असतो. सात दिवसांची सभा लक्षात ठेवून लोक परत येऊ शकतात, पण अर्ध्या तासासाठी घरी गेलेला माणूस परत येत नाही, ही त्यातली खरी अडचण मला दिसते.

विधानसभेचे पाहिले तर संविधानाच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे एकूण सदस्यांच्या एकदशांश किंवा दहा, यांपैकी जी संख्या जास्त असेल ती गणपूर्ती. मध्यप्रदेश विधानसभेचे सदस्य २३० आहेत, म्हणजे तेवीस हवेत. तेवढे नसतील तर अध्यक्षांनी सभागृह तहकूब करावे किंवा गणपूर्ती होईपर्यंत बैठक थांबवून ठेवावी, असे दोन मार्ग त्या अनुच्छेदात सांगितले आहेत. अधिवेशन मिटवणे हे याहून निराळे. ते राज्यपाल करतात. महाराष्ट्रात त्याला ‘संस्थगित करणे’ म्हणतात आणि आमच्याकडे हिंदीत ‘सत्रावसान’. भोपाळच्या बातमीत आणि मुंबईच्या बातमीत एकाच क्रियेला ‘स्थगित’ आणि ‘तहकूब’ असे दोन शब्द येतात, एवढे लक्षात घेतले की पुष्कळ धूसरपणा जातो.

न्यायालयात मात्र ‘स्थगित’ या शब्दाला जपावे लागते. मराठीत ‘स्थगिती मिळाली’ म्हणजे वरच्या न्यायालयाने एखाद्या आदेशाची अंमलबजावणी रोखली. सुनावणी पुढे गेली तर त्याला स्थगिती म्हणत नाहीत. सुनावणी तहकूब होते, आणि त्यासाठी दिलेल्या अर्जाला महाराष्ट्रातले पक्षकार ‘मुदतीचा अर्ज’ म्हणतात. इंदूरचे पक्षकार ‘पेशी बढ़ गई’ म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असे म्हटले आहे. तिथेही गृहीत हेच आहे की काम चालू आहे आणि ते अमुक तारखेला पुढे व्हायचे आहे. तारीख नसेल तर तहकुबीला अर्थ राहत नाही.


उत्तर ५
रामबागकर, इंदूर

लष्करकरांनी केलेली दुरुस्ती मी आदराने स्वीकारतो. ‘कूब’चे काय करायचे हा विचार मला कधीच सुचला नव्हता. ‘वाकबगार’चे उदाहरण वाचल्यावर शंका उरली नाही.

मी शाळेत संस्कृत शिकवत होतो, म्हणून ‘स्थगित’विषयी थोडी भर घालतो, कारण आमच्या तरुण मंडळींना तो शब्द अधिक स्पष्ट वाटतो असे काकूंनी लिहिले आहे. आपल्याला तो ‘स्था’ धातूचा, म्हणजे उभे राहण्याचा, भाऊबंद वाटतो. वस्तुतः त्याचा धातू ‘स्थग्’ आहे आणि त्याचा मूळ अर्थ झाकणे, लपवणे. संस्कृत काव्यात ढगांनी स्थगित झालेले आकाश म्हणजे झाकोळलेले आकाश. त्यावरून बंद केलेले, अडवलेले आणि मग थांबवलेले असा अर्थ वाढत गेला. ‘ठग’ आणि आपला ‘ठक’ हे शब्दही सहसा याच धातूशी जोडतात, कारण ठग खरे ते झाकतो. म्हणजे गंमत अशी की संस्कृतातून आलेला शब्द मुळात थांबण्याचा नाही, आणि अरबीतून आलेला, ओळखू येणार नाही इतका मराठी झालेला शब्द मुळापासूनच उभे राहण्याचा आहे. शब्द वापराने ठरतो, व्युत्पत्तीने नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. म्हणून ‘स्थगित’ चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु सभा अर्ध्या तासाने पुन्हा भरणार असेल तर मला ‘तहकूब’च हवा.


प्रश्नकर्तीचे उत्तर
माळवा_मराठी, इंदूर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल कार्यकारिणीच्या बैठकीत ही सगळी चर्चा मी वाचून दाखवली. परत गेलेल्या सात जणांपैकी चार जण आले होते. वर्गणीचा विषय विशेष सभेत पुन्हा घ्यायचा असे एकमताने ठरले, आणि सूचनाफलकासाठी यापुढे एकच मजकूर ठरवला: ‘सभा तहकूब. याच जागी साडेसहा वाजता पुढे सुरू होईल. कृपया थांबावे.’ त्याखाली हिंदीतही हाच मजकूर राहील. ‘कृपया थांबावे’ हे शब्द त्या तरुण सभासदाने सुचवले.

बडोद्याच्या उत्तरामुळे आणखी एक गोष्ट उलगडली, ती मुद्दाम लिहिते. सासऱ्यांच्या वहीत एका पानावर ‘गणेशोत्सवाची जादा वर्गणी मौकूफ’ असे आहे. त्या जादा वर्गणीची पुढे वसुली झाल्याची नोंद वहीत कुठेच सापडत नाही, म्हणून ती नोंद हरवली असावी असे आम्ही आजवर समजत होतो आणि मधली काही पाने फाटलेली असल्याने तसेच मानून चाललो होतो. काल रात्री ती वही मी पुन्हा पाहिली. त्याच पानावर तीन ओळी खाली, त्याच शाईने, ‘हिशेब तपासणीचा विषय तहकूब’ असे लिहिलेले आहे, आणि पुढच्याच सभेच्या इतिवृत्तात तो विषय सर्वांत आधी घेतलेला आहे.